पारवे पंक नाहीत

इंद्रजीत हिवराळे हा माणूस वीस वर्षं एकाच गोष्टीवरून भांडला. गोष्ट तरी कसली, तर मुकुंदवाडीतल्या त्याच्या गल्लीत कुणाला सांगितली असती तर लोकांनी आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. बांधावरून भांडणारे, नालीवरून भांडणारे, मिरवणुकीत कुणाचा ट्रॅक्टर पुढं यावरून भांडणारे आपल्याकडं पायलीला पन्नास सापडतात. हा गडी भांडला तो 'आयर्न पिजन्स', म्हणजे लोखंडी पारवे, नावाच्या एका विलायती रॉक बँडवरून. जगभर गाजलेला बँड. तो पंक आहे की नाही, एवढाच प्रश्न. इंद्रजीत म्हणायचा, नाय. त्याचा दोस्त अतुल म्हणायचा, हाय. आणि दोघांपैकी एकानंही कधी सुईच्या टोकाएवढी माघार घेतली नाही.

पंक म्हणजे काय ते सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत मलाच शिव्या देत बसाल. तिकडं विलायतेत पन्नासेक वर्षांपूर्वी बेकार, चिडलेल्या पोरांनी काढलेलं हे गाणं. वाजवता येत नाही? नको येऊ दे. गळा नाही? नसू दे. जे टोचतंय ते दोन मिनिटांत ओरडून सांगायचं आणि उतरायचं खाली. बस, एवढंच. बाकी जे काही लोक सांगतात ते चहा पिताना बोलायला बरं असतं.

आता हे खूळ आपल्या गावात शिरलं कसं? अतुल करमाडचा. घरची शेती, अर्धी पुढं औद्योगिक वसाहतीत गेली. दोघं आयटीआयला एका बाकावर. अतुलच्या मामाचं, अप्पारावांचं, फर्दापूरला चहा-नाश्त्याचं हॉटेल होतं. लेणी बघायला आलेला एक गोरा पाव्हणा तिथं एक कॅसेट विसरून गेला. मामानं ती भाच्याला दिली, कारण मामाच्या टेपवर ती लावली की म्हशी बुजायच्या, असं मामाचं म्हणणं. कॅसेटवर निळ्या शाईनं बँडचं नाव लिहिलेलं, त्याच्यापुढं 'पंक' आणि त्याच्यापुढं एक भलंमोठं प्रश्नचिन्ह. त्या प्रश्नचिन्हानं दोघांचं वाटोळं केलं बघा. औरंगपुऱ्यातल्या इंटरनेट कॅफेत जाऊन त्यांनी बँडचं नाव टाकलं, तर सगळ्या दुनियेतले लोक याच प्रश्नावरून एकमेकांच्या आयाबहिणी काढत होते. इंग्रजी निम्मं कळलं, शिव्या पूर्ण कळल्या. कॅफेतून बाहेर पडताना अतुल म्हणाला, "पंकच हाय गड्या." इंद्रजीत म्हणाला, "हॅट्, हे कसलं पंक." झालं. लागली आग.

इंद्रजीतकडं माप तयार होतं, कारण त्याचा बाप. कडूबा हिवराळे भीमगीतांच्या गायन पार्टीत गायचा. एक पेटी, एक ढोलकी, दोन झांजा आणि चार माणसं. एप्रिल आला की पार्टी गावोगाव फिरायची. एकदा एका गावात भर दुपारच्या कार्यक्रमात सरपंच स्टेजपाशी येऊन हळूच म्हणाला, ते पाणवठ्याचं कडवं तेवढं गाळा, गावात शांतता आहे. कडूबानं ते कडवं तीनदा म्हटलं. कुणीतरी माइकची वायर ओढली. कडूबानं वायरीकडं पाहिलंसुद्धा नाही, उघड्या गळ्यानं चौथ्यांदा म्हटलं. आवाज फाटला, पुढं आठ दिवस बोलता आलं नाही. सात वर्षांचा इंद्रजीत तेव्हा झांजा घेऊन पुढं बसला होता.

"हे पंक," तो अतुलला सांगायचा. "तुझे पारवे वायर ओढल्यावर गातील का? मॅनेजरला फोन लावतील."

"पहिली रेकॉर्ड त्यांनी गॅरेजात केली लेका. जन्मच तिथला."

"जन्मावर जाऊ नको हां, अतुल. जन्मानं कुणी पंक नसतं. कर्मानं असतं."

यावर अतुल हसायचा, पण जरा जपून. करमाडच्या घरी इंद्रजीतला पहिल्यांदा जेवायला नेलं तेव्हा आजीनं ताट वेगळं काढलं होतं, आणि अतुलनं स्वतःचं ताट उचलून इंद्रजीतच्या ताटाशेजारी मांडलं होतं. दोघं त्याबद्दल कधी बोलले नाहीत. पारव्यांबद्दल बोलले.

कडूबानंही एकदा ती कॅसेट ऐकली. डोळे मिटून, अख्खी. मग विचारलं, "नाव काय म्हणला?"

"लोखंडी पारवे, दादा."

"पारव्याचं काय असतं, जो दाणे टाकील त्याच्या अंगणात उतरतं," म्हातारा म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला. इंद्रजीतनं हे वाक्य अतुलला किती वेळा ऐकवलं असेल याचा हिशोब नाही.

पुढं दोघं वाळूजच्या एका कंपनीत प्रेस शॉपला लागले. अतुल दोन वर्षांत कायम झाला, इंद्रजीत ठेकेदाराकडंच राहिला. त्याची कारणं काय ती आपण सगळे जाणतो, उगाच तोंड कशाला उघडायचं. प्रेस शॉप तुम्ही पाहिलं नसेल तर सांगतो. घराएवढी मशीन. पत्रा आत ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, ठाक, पार्ट बाहेर. अशा चौदा मशीन एका शेडखाली, आठ तास. तिथं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळे ओठ वाचायला शिकतात. सहा महिन्यांत पंचवीस फुटांवरचा माणूस साहेबाला काय शिवी देतोय ते कळायला लागतं. इंद्रजीत तर यात इतका पटाईत झाला की सुपरवायझरही त्याला विचारायचे, तो तिकडं काय बडबडतोय रे?

कानात घालायला कंपनी फोमची पिवळी बोंडं द्यायची, आणि वरून कानाला झाकणारे मोठे हेडफोनसारखे मफ. शहाणा माणूस दोन्ही घालतो. या दोघांनी काय करावं? बोंडं काढून टाकली, त्या जागी इयरफोन घातले, वरून मफ चढवले. सुपरवायझर खूश, पोरं नियम पाळतात. आत पारवे चालू. आता चौदा प्रेसच्या ठाकठाकीवर गाणं ऐकायचं म्हणजे आवाज पार शेवटपर्यंत न्यावा लागतो. आवाजावर आवाज चढवायचा. रोज आठ तास, वर्षानुवर्षं. अरे, डोकं गहाण ठेवलं होतं का? पण वादाला पुरावा लागतो ना! जेवणाच्या सुटीत डबा उघडायच्या आधी अतुल म्हणायचा, "दुसऱ्या रेकॉर्डचं चौथं गाणं ऐकलं का? आता बोल." आणि इंद्रजीत म्हणायचा, "त्यात सारंगीसारखं काय वाजतंय मग? पंकमध्ये सारंगी?" मग डबे गार व्हायचे.

अतुल एका कानात लावायचा. लाइन लीडर झाल्यावर त्याला हिंडावं लागायचं, मग तेही सुटलं. इंद्रजीत मशीनवरच होता. त्याचं सुटलं नाही.

नऊ-दहा वर्षांनी त्याच्या कानात किर्र सुरू झालं. रातकिडे घुसल्यासारखं. त्यानं अतुलला सांगितलं, "उजव्या कानाला जरा कमी येतंय रे."

"होतं रे. प्रेस शॉपला कोणाला होत नाय? माझ्या साहेबाला तर बायकोचंसुद्धा ऐकू येत नाय, सुखी हाय तो."

हसण्यावारी गेलं. पण जानेवारीत कान तपासणीची गाडी यायची. गाडीत काचेची खोली, तिच्यात बसायचं, बारीक पीं वाजलं की बटण दाबायचं. ज्याच्या तपासणीच्या कागदाची पट्टी खराब निघाली त्याला प्रेसवरून काढायचे. कायम कामगाराला दुसरीकडं टाकायचे. ठेक्यावरच्याला म्हणायचे, उद्यापासून नको येऊ. इंद्रजीतची पोरगी प्रेरणा तेव्हा दुसरीत होती. अतुल म्हणाला, "तू फक्त माझ्याकडं बघ." रांग लावायचं काम त्याच्याकडंच. तपासणाऱ्याच्या पाठीमागं तो उभा राहायचा, तपासणाऱ्यानं पीं वाजवायचा खटका दाबला की अतुल नाक खाजवायचा, आणि काचेआडून इंद्रजीत बटण दाबायचा. चार वर्षं पट्टी अशी सरळ आली की तपासणारा म्हणाला, या माणसाचे कान लहान पोरासारखे आहेत. बाहेर येऊन दोघं पोट धरून हसले.

दोस्तानं दोस्तासाठी केलेली मदत होती ती. असल्या मदतीनंच माणूस गाळात जातो, आणि पुन्हा दोष द्यायला कुणी सापडत नाही, म्हणून मला तर आजही त्या नाक खाजवण्याचा संताप येतो.

लॉकडाऊनमध्ये ठेका संपला. इंद्रजीतनं घरासमोर पिठाची गिरणी टाकली. अतुल शेंद्र्याच्या एका कंपनीत गेला, करमाडहून जवळ. गिरणी टाकायची अक्कल मात्र इंद्रजीतची खास. गिरणीत सगळेच ओरडून बोलतात, बोटांनी सांगतात, बारीक का जाड, किती किलो. तिथं बहिरा कोण आणि ऐकणारा कोण, कळत नाही. उजवा कान पार गेला, डावा निम्मा गेला, आणि गल्लीत कुणाला पत्ता नाही.

कळलं ते विशाखाला, त्याच्या बायकोला. तिच्यापासून काय लपतंय? दूध उतू जाऊन गॅसवर चरचरत होतं आणि हा शेजारी बसून पेपर वाचत होता. तिनं हाताला धरून डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, आतल्या नसा गेल्या, परत येणार नाहीत. कानाला मशीन लावा, समोरच्याचं बोलणं थोडंफार कळेल. गाण्याचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, गाण्याची आशा धरू नका.

गाणं एकदम गेलं नाही. आधी झांजांची चकचक गेली. मग गाणाऱ्याचे शब्द विरघळले. मग गिटार. प्रेरणा अंगणात मैत्रिणींबरोबर गाणं म्हणायची, तिचा आवाज कधी गेला हे तर त्याला कळलंसुद्धा नाही. एक दिवस तिचे ओठ हलताना दिसले आणि लक्षात आलं की बाकी काही नाही. त्या दिवशी तो गिरणीत जाऊन बसला आणि पट्टा चालू करून रडला, म्हणजे कुणाला ऐकू जाऊ नये. शेवटी राहिला तो फक्त ढोलाचा ठोका. इयरफोन डाव्या कानात दाबून धरला, आवाज शेवटपर्यंत नेला, की आत कुठंतरी ढब, ढब लागायचं. कानाला कमी, हाडाला जास्त. तेवढ्यावर तो आख्खं गाणं मनात उभं करायचा. पाठच होतं सगळं.

मशीन घेतलं होतं. घरी लावायचा. अतुल भेटायचा असला की शर्टाच्या खिशात टाकायचा. महिन्यातून एकदोनदा सुटीच्या दुपारी दोघं जालना रोडवरच्या एका टपरीवजा हॉटेलात बसायचे. जागा इंद्रजीतनंच ठरवलेली, ट्रकच्या धडधडीत कुणाला काही नीट ऐकू येत नाही अशी. फोन तो उचलायचाच नाही. "मेसेज टाक, गिरणीत ऐकू येत नाय," म्हणायचा. आणि ओठ वाचणं तर हातचं होतं. अतुलच्या मिशा वाढल्या तेव्हा मात्र पंचाईत झाली. "घाण दिसतो तू, काढ त्या," असं महिनाभर टोचून त्यानं मिशा काढायला लावल्या.

"सांगा ना त्यायला," विशाखा म्हणायची. "दोस्त हाय ना तुमचा? खाणार थोडाच हाय."

"दोस्त हाय म्हणूनच नाय सांगत. त्याला कळलं की तो भांडायचं सोडीन. जपून बोलीन. कीव करीन. मग आमच्यात राहिलं काय?"

"माणूस राहतं की."

"तुला नाय कळायचं," तो म्हणाला. पण तिला कळलं होतं. बाप गेला, कंपनी गेली, गाणं गेलं. जगात एकच माणूस होता जो इंद्रजीत हिवराळेचं मत खोडायला वीस किलोमीटर गाडी मारत यायचा. गिरणीवाल्याचं मत खोडायला कोण येतं हो? त्याला दळण विचारतात, मत नाही. अतुलनं कीव केली असती तर तो खरोखर बहिरा झाला असता. तोवर तो फक्त कमी ऐकू येणारा माणूस होता.

आणि याच पावसाळ्याच्या शेवटी पारव्यांनी अकरा वर्षांनी नवा अल्बम काढला.

अतुलचा मेसेज आला, 'उद्या दुपारी बारा वाजता. ऐकू नको आधी. सोबत ऐकू. मग तुझी बोलती बंद.' इंद्रजीतनं मेसेज दोनदा वाचला. जुनी गाणी पाठ होती. नवं कसं निभवायचं? रात्रभर त्यानं फोनवर लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचलं. कुणी म्हणे पहिलं गाणं गोड झालंय, कुणी म्हणे ढोल जुन्यासारखे आहेत, दुसऱ्या कडव्यानंतर लहान मुलांचा कोरस आहे. परीक्षेला निघाल्यासारखं सगळं डोक्यात भरून तो निघाला. विशाखा दारात आडवी आली, म्हणाली, मशीन लावून जा. त्यानं ते खिशात टाकलं.

अतुल आधीच बसला होता. नवे बिनवायरीचे इयरबड आणलेले, पोरीनं वाढदिवसाला दिलेले. चेहरा असा खुललेला की आयटीआयमधलाच वाटावा. चहा सांगितला, फोन टेबलावर ठेवला, दोन्ही बड इंद्रजीतच्या कानात स्वतःच्या हातानं बसवले आणि फोनला बोट लावलं. मग हाताची घडी घालून समोर बसला, कैदी कधी कबूल होतो ते बघणाऱ्या फौजदारासारखा.

इंद्रजीतनं डोळे मिटले. ढब यायची वाट पाहिली. काही आलं नाही. हळू सुरुवात असेल, त्यानं मनाशी म्हटलं. थांबला. डावा बड बोटानं आत दाबला. काही नाही. म्हणजे ठोकाही गेला. शेवटचा तेवढा होता, तोही गेला, आणि जायला बरोबर आजचा दिवस निवडला. डोळे उघडायची हिंमत होईना. उघडले असते तर पाणी दिसलं असतं. म्हणून त्यानं मान हलवायला सुरुवात केली. बोटांनी टेबलावर ठेका धरला. मनात मोजत राहिला, इतक्या वेळानं पहिलं कडवं संपलं असेल, इतक्या वेळानं दुसरं. पोरांचा कोरस आला असेल तिथं कपाळाला आठी घातली. तीन-चार मिनिटं झाल्यासारखं वाटलं तेव्हा त्यानं बड काढले आणि डोळे उघडले.

अतुल फोनकडं बघत होता. मग त्यानं वर पाहिलं.

"नाय," इंद्रजीत म्हणाला. जोरात, ठासून. "पंक नाय. ढोल बरे हायेत, पण दुसऱ्या कडव्यानंतर पोरं काय गायला लावली? शाळेचं गॅदरिंग हाय का? पारवे ते पारवेच. दाणे दिसले, उतरले."

आता अतुल उसळणार. टेबलावर हात आपटणार, चहा सांडणार, गॅरेज काढणार, जन्म काढणार. इंद्रजीत तयारीतच बसला होता.

अतुलचे ओठ हलले. इंद्रजीतनं वाचले, पण विश्वास बसला नाही. "काय?" तो म्हणाला.

अतुल पुन्हा बोलला. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, लहान लेकराला सांगतात तसं. "बरोबर हाय तुझं. पंक नाय."

वीस वर्षांत पहिल्यांदा. इंद्रजीत जिंकला होता. त्याला काही समजेना. एवढा मोठा माणूस एका गाण्यावर हार कशी मानतो? त्यानं टेबलावरचा फोन आपल्याकडं ओढला. पडद्यावर पारव्यांचं चित्र, खाली गाण्याचं नाव, आणि मधोमध गोल गोल फिरणारं चाक. वेळेच्या जागी शून्य, शून्य, शून्य. त्या पत्र्याखाली नेटवर्क आलंच नव्हतं. गाणं सुरूच झालं नव्हतं.

म्हणजे ठोका गेला नव्हता, हे आधी त्याच्या डोक्यात आलं, आणि क्षणभर बरंसुद्धा वाटलं. मग बाकीचं आलं. चार मिनिटं तो अतुलसमोर मान हलवत बसला होता, ठेका धरत होता, आठी घालत होता, आणि अतुल त्याच्याकडं बघत होता.

"भांड ना," इंद्रजीत म्हणाला. आवाज किती मोठा निघाला ते त्याला कळलं नाही, पण सगळ्या हॉटेलानं माना वळवल्या. "भांड ना लेका माझ्याशी! खोटं काहून बोलतो? पंक हाय म्हण! म्हण ना, पंक हाय!"

अतुलनं तोंडावर हात घेतला. खांदे गदगदा हलायला लागले. इंद्रजीतनं टेबलावरून वाकून त्याचं मनगट धरलं, हात खाली ओढला आणि त्याच्या ओठांकडं बघत राहिला. अतुल काहीतरी सांगत होता, पुन्हापुन्हा तेच सांगत होता. पण रडताना माणसाचे ओठ वाकडेतिकडे होतात, ते वाचता येत नाहीत, आणि तो काय म्हणत होता हे इंद्रजीतला कळलं नाही.